बारतोंडीचा लाल

कागद माझ्याच अक्षरातला होता.

वहीचं रेघांचं पान, घड्यांवर विरलेलं, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं. मुरबाडच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या त्या रिसॉर्टच्या ऑफिसात मालकाने ते माझ्यापुढे सरकवलं. तिशीतला, अदबीने बोलणारा माणूस. म्हणाला, वडिलांच्या फायलीत सापडलं. इथले जुने पडदे ज्या झाडांच्या मुळांनी रंगवले, त्या झाडांच्या जागा यात आहेत म्हणे. नव्या खोल्यांना त्याला तोच लाल हवा होता. हातमागाचं कापड, झाडाचा रंग, केमिकलचा थेंब नाही. हल्ली पाहुणे खोली घेण्याआधी हेच विचारतात, असं त्याचं म्हणणं.

मी शहापूरला पडदे, गाद्यांच्या खोळी, उश्यांचे अभ्रे शिवून देते. कापड हातमागाचंच. हिरड्याचा काळा, झेंडूचा पिवळा, काताचा तपकिरी, एवढे रंग माझ्याकडे असतात. लाल ठेवत नाही. कुणी मागितला तर मिळत नाही म्हणून सांगते. त्या दिवशी मी नुसती मापं घ्यायला गेले होते. मधल्या काळात रिसॉर्टचं नाव बदललेलं, आणि पूर्वी मी तिथे कधी पाऊलही टाकलं नव्हतं, त्यामुळे फाटकातून आत शिरेपर्यंत मला काही उमगलं नाही. मग व्हरांड्यात पहिला पडदा दिसला आणि माझे पाय थांबले.

पंचवीसेक वर्षांत तो विटला नव्हता. उन्हाच्या बाजूची किनारसुद्धा तशीच, दाट, काळपटाकडे झुकलेली लाल. मी कापड मुठीत धरून नाकाशी नेलं. मृगाचे दोन-चार पाऊस होऊन गेले होते, हवा ओलसर होती, आणि त्या ओलाव्यात पडद्याला अजून तोच वास येत होता. खोल खणलेल्या मातीचा.

आमचं हातमाग केंद्र किन्हवलीच्या अलीकडे, भाताच्या एका जुन्या गोदामात होतं. गोदाम रिकामं होऊन कैक वर्षं झाली तरी कोपऱ्यांतून तुसाचा वास जायचा नाही. त्यात पेजेच्या खळीचा आंबूस वास मिसळायचा, तेल घातलेल्या लाकडाचा मिसळायचा. सहा माग होते. तिसऱ्यावर माझी आई बसायची. वडील धरणावर कामाला, भातसानगरच्या कॉलनीत राहायचे, शनिवारी घरी यायचे. आठवडाभर आमचं घर म्हणजे आई, मी आणि त्या मागाचा आवाज. धोटा इकडून तिकडे जाताना आधी सुळकन, मग खट्ट. आणि त्या दोन आवाजांच्या मधे आईचा एक श्वास. सहाही माग एका तालात आले की पत्र्यावर कुणी तरी दुडदुडत चालल्यासारखं वाटायचं. दुपारी भाकरीला सगळे थांबले की जी शांतता व्हायची ती मला आवडत नसे. कान तो आवाज शोधत राहायचे.

बारावी झाली आणि पुढचं काही ठरत नव्हतं, म्हणून मी केंद्रात मदतीला जाऊ लागले. कापडाची मापं घ्यायची, लड्यांना चिठ्ठ्या बांधायच्या, पत्रं लिहायची. माझं अक्षर चांगलं होतं. केंद्र चालवणाऱ्या सुलभाबाई कल्याणहून यायच्या. त्या माझं अक्षर येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायच्या, आणि मला ते फार गोड लागायचं.

रंगाचं काम काशीमावशीचं. मुरबाडच्या बाजूला डोंगराच्या उतारावर तिची वाडी होती, पंधरा-वीस घरांची. तिथून ती दर बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन उतरायची. पाटीत हिरडे, सालं, पळसाची फुलं, आणि फडक्यात वेगळी बांधलेली बारतोंडीची मुळी. बारतोंडीचं फळ मी तिच्या हातात पहिल्यांदा नीट पाहिलं. हिरवं, गाठीगाठींचं, अंगभर डोळ्यांसारखे ठिपके. ती म्हणाली, याला बारा तोंडं हायत पन एकानं बोलत नाय. आणि आपल्याच बोलण्यावर पदर तोंडाला लावून हसली.

मुळी मोडली की आत पिवळीधमक, ओल्या हळदीसारखी. लाल कुठेच नाही. सूत आधी एरंडेलात आणि शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात मुरवायचं, उन्हात वाळवायचं, परत मुरवायचं. आठ दिवस गोदामाच्या मागच्या अंगणात उभं राहवत नसे. मग तुरटी. मग तांब्याच्या हंड्यात कुटलेली मुळी, मंद आच, आणि काशीमावशी काठीने लड्या खालीवर करत बसलेली. पाणी उकळू द्यायची नाही. वाफ निघाली की लाकूड मागे ओढायची. पहिल्या तासाला सूत मातकट दिसायचं, फसल्यासारखं. मग कधीतरी, आपलं लक्ष नसताना, ते आतून लाल व्हायला लागायचं. एकदा मी विचारलं की कळतं कसं, तर तिने माझं बोट हंड्यात बुडवून बाहेर काढलं. बोट चार दिवस लाल राहिलं. आईने भाकरी थापताना ते पाहिलं आणि म्हणाली, हा रंग मला जड वाटतो.

आई देवभोळी नव्हती. आमचं घर बुद्धविहाराच्या शेजारी, घरात असल्या बोलण्याला थारा नव्हता. त्यामुळे ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

त्या माघात काशीमावशी मला मुळी आणायला बरोबर घेऊन गेली. तिच्या वाडीच्या वर, ओढा ओलांडून, कातळाच्या कडेने चढत गेलं की झाडीत मधेमधे बारतोंड्या होत्या. एका जागी एक, फार तर दोन. फुलं आलेली; पांढरी, जाईसारख्या वासाची. प्रत्येक झाडाशी ती आधी उकिडवी बसायची, कमरेच्या गाठीतले चार दाणे तांदूळ बुंध्याशी ठेवायची, तोंडातल्या तोंडात काही म्हणायची. मग एकाच बाजूची माती हाताने उकरून मनगटाएवढं मूळ कापायची, माती परत लोटून पायाने दाबायची. त्या झाडाला पुढची तीन वर्षं हात लावायचा नाही. कुठल्या झाडाचं कुठलं अंग कधी घेतलं, सगळं तिच्या डोक्यात. उतरताना तिने मला एकेक जागा परत विचारली, आणि मी बरोबर सांगितल्या तेव्हा खूश झाली. माझ्या मागं तुला ठाव असूं दे, म्हणाली.

त्या मुळीने रंगवलेल्या लड्यांतून आईने एक तुकडा विणला, हातभर लांबीचा. सुलभाबाईंनी तो मुंबईला कुणाला तरी दाखवला. महिन्याभरात रिसॉर्टची ऑर्डर आली. नवं बांधकाम, सगळ्या खोल्यांचे पडदे, पलंगपोस, बैठकांच्या खोळी, सगळं त्या तुकड्याच्या लालात. सहाही मागांना वर्षभर पुरेल एवढी मजुरी, पण माल पावसाळ्याआधी द्यायचा. गोदामात त्या दिवशी बायकांनी गूळ-खोबरं वाटलं.

काशीमावशीला कापडाचे गठ्ठे किती होतील ते मी हाताने दाखवून सांगितलं. तिने पाटीतली मुळी परत फडक्यात बांधली. मग सुलभाबाईंकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढा रंग आमच्या डोंगरात नाय गो."

सुलभाबाईंनी तिला समजावलं. झाडं परत येतील, रोपं लावू, वाडीतल्या माणसांनाच खणायचं काम देऊ. ती मान हलवत राहिली, पाटी उचलली आणि गेली. पुढच्या बाजाराला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग एका दुपारी सुलभाबाईंनी मला बाजूला बसवलं. काही दरडावलं नाही. एवढंच म्हणाल्या, की सहा घरांची चूल या कामावर आहे, त्यात तुझंही घर आलं. तू तिच्याबरोबर गेली होतीस, तुझं अक्षर छान आहे, तुझी चित्रंही छान असतात. मी वहीचं पान फाडलं. ओढा काढला, कातळ काढला, वाडीची घरं छोट्या चौकोनांनी दाखवली. प्रत्येक झाडाला एक फुली. काढताना हात थरथरला का, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. नाही थरथरला. मला ते पान चांगलं जमल्याचा आनंद झाला होता.

खणायला माणसं रिसॉर्टवाल्यांनीच पाठवली, बाहेरची, कुदळी-पहारींसकट. चैत्रातलं ऊन होतं. टेम्पो वाडीच्या खालपर्यंत जायचा आणि भरून यायचा. मुळं मनगटाएवढी नव्हती. मांडीएवढी होती, अख्खे बुंधे होते, तंतूंना माती तशीच. गोदामाच्या अंगणात त्यांचा ढीग पडला तेव्हा कापलेल्या तोंडांचा पिवळा रंग उन्हात डोळ्यांना बोचायचा. दोन दिवसांत ती तोंडं काळवंडायची. ढिगावरच्या फांद्यांना फुलं होती. ती सुकेपर्यंत अंगणात जाईसारखा वास येत राहिला, लेंड्यांच्या आणि एरंडेलाच्या वासावर तरंगणारा, आणि बायका भाकरी आत नेऊन खायला लागल्या.

ते वैशाखाचे दिवस मला फक्त लाल आठवतात. काशीमावशीशिवाय रंगवलं. पाणी उकळलं, कुणी लाकूड मागे ओढलं नाही, तरी रंग चढला, आणखीच गडद. हंडे ओतलेलं पाणी ओहोळात जायचं आणि खालच्या वळणापर्यंत दगड लाल दिसायचे. म्हशी त्या पाण्याला तोंड लावत नसत. आमच्या सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. एसटीत बाजूची बाई सरकून बसायची. आई विणताना सूत तुटायचं, कारण ते उकळून कच्चं झालं होतं. एरवी दिवसात दोनदा तुटणारं सूत तासाला चारदा तुटायचं, आणि दर वेळी सुळकन नंतरचा खट्ट यायचाच नाही. मी घरी अंथरुणावर पडले तरी तो न आलेला आवाज ऐकायची.

माल आषाढाच्या आधी गेला. शेवटचा गठ्ठा टेम्पोत चढवताना सुलभाबाईंनी आमच्या सगळ्यांचा फोटो काढला. लाल हात पुढे धरून.

श्रावणात, एका दुपारी, वाडीच्या वरचा उतार खाली आला. माणसं खाचरांत लावणीच्या मागच्या कामाला उतरली होती, म्हणून वाचली. सात घरं गेली. काशीमावशीचा नवरा तापाने घरी झोपून होता. चार दिवस माती उपसली, मग पाऊस थांबेना म्हणून थांबवलं. तो सापडला नाही. त्याला तिथेच ठेवला, असं वाडीची माणसं म्हणतात.

शनिवारी वडील आले तेव्हा मी त्यांना विचारलं. त्यांचं आयुष्य पाण्याच्या पातळ्या लिहिण्यात गेलेलं. ते म्हणाले, पाऊसच तसा होता, दोन तालुक्यांत ठिकठिकाणी डोंगर सुटलेत, जिथे कुणी कुदळ लावली नाही तिथेसुद्धा. मी ते धरून ठेवलं. कैक वर्षं धरून ठेवलं.  आईने पुढे लाल सूत मागावर घेतलं नाही, आणि दोन वर्षांत केंद्र बंद पडलं तेव्हा तिसरा माग कुणी विकत घेतला हेही विचारलं नाही.

मी काशीमावशीला भेटायला गेले नाही. वाडीतल्या लोकांना उताराच्या पायथ्याशी, रस्त्याजवळ पत्र्याची घरं मिळाली, असं ऐकलं. त्या रस्त्याने एसटी जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीला बसायची.

रिसॉर्टच्या ऑफिसात मी मालकाला सांगितलं, की हे पान माझं आहे. मग बाकीचंही सांगितलं, थोडक्यात. त्याने शांतपणे ऐकलं, त्याला वाईटही वाटलं असावं. तो म्हणाला, वडील सांगायचे की ती दरड पावसाने आली. आणि आता आपण तसं करणार नाही मॅडम, मोजकी झाडं घेऊ, प्रत्येकाच्या बदल्यात दहा लावू. पान तुम्हाला ठेवायचं तर ठेवा, फोटो काढून मुकादमाला पाठवलाय, माणसं परवाच जागा बघून आली. तिथे नव्याने बरीच उगवलीत म्हणे.

मी मापांची टेप गुंडाळली आणि निघाले. मुरबाडहून जी पहिली गाडी मिळाली ती घेतली आणि त्या रस्त्यावर, पत्र्याच्या घरांपाशी उतरले.

काशीमावशी दारात गोधडीवर बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अंग मूठभर झालेलं. मी नाव सांगितलं तेव्हा तिने माझा हात घेतला आणि बोटं एकेक करून चाचपली, जशी पूर्वी सूत चाचपायची. तिची सून जनी आतून पाणी घेऊन आली. मी पाणी प्यायले नाही. आधी बोलले.

"मावशी, तो कागद मी काढला होता. झाडांचा."

ती हात न सोडता म्हणाली, "मला ठाव हाय गो. खननाऱ्यांनी झाडं हुडकली नाय, सरल गेली. वाट कोनी दावल्याबगर मानूस असं चालत नाय. आनि वाट मी तुलाच दावली होती."

"मग तू मला बोलली का नाहीस?"

"तू येशील म्हनून थांबले. लई वर्सं लावलीस."

  जनी दाराच्या चौकटीला टेकून आमच्याकडे पाहत होती. तिला यातलं काहीच माहीत नसणार. मग मी मुकादमाचं सांगितलं, परवा माणसं येऊन गेल्याचं. जनी म्हणाली, हो, आली होती, चुन्याच्या खुणा करून गेली, खणायला वाडीतली माणसं घेतो म्हणाली. चार घरं तयारही झालीत. ते सांगताना ती माझ्याकडे अशी बघत होती, की तुम्ही दुसरं काम देणार असाल तर बोला. 

काशीमावशी म्हणाली, मला दिसत नाय, तुमी दोघी वर जाऊन बघून या, कुठली झाडं ते.

आम्ही ओढ्याच्या कडेने चढलो. ओढा आता दुसरीकडून वाहतो. जिथे सात घरं होती तिथे करवंदीची जाळी, टणटणी, आणि त्यातून वर आलेल्या कोवळ्या बारतोंड्या. पूर्वी एका जागी एक असायची. इथे दाटीने होत्या, सगळ्या त्या उपसलेल्या मातीवर. फुलं सरत आलेली. बुंध्यांवर चुन्याचे ओले पट्टे. मी पायाखालची माती बघत चालत होते, या मातीत कोण आहे ते मनातून जात नव्हतं. पाखरांचा आवाज नव्हता, किंवा मला ऐकू येत नसेल.

जनी पुढे होती. ती एकदम थांबली आणि मागे हात करून मलाही थांबवलं. झाडांच्या वरच्या अंगाला, गवतातून, जमिनीला एक चीर गेली होती. चार बोटं रुंद. आडवी, पार कातळापर्यंत. कडा ताज्या होत्या, गवताची मुळं दोन्हीकडून ताणून तुटलेली. तिथे कुणी खणलं नव्हतं. कुदळीचा एक घावही नव्हता. जनीने पोटावर आडवी होऊन आत हात घातला. कोपरापर्यंत गेला.

"काय लागतं?" मी विचारलं.

"काय नाय ताई. गार हवा येती."

खाली येऊन आम्ही काशीमावशीला सांगितलं. तिने रुंदी विचारली, दिशा विचारली, कातळापर्यंत गेली का ते दोनदा विचारलं. मग गोधडीची घडी घालायला लागली. जनीने विचारलं, काय करता. ती म्हणाली, भांडी बांध, आणि जा सगळ्यांस्नी सांग. कुणी वाद घातला नाही. खणायला तयार झालेली चार घरंसुद्धा निघाली. दिवस मावळायच्या आत वाडी रस्त्यापलीकडच्या आश्रमशाळेत गेली, कोंबड्या, शेळ्या, पाट्या-वरवंट्यासकट. मी काशीमावशीचा हात धरून चालत होते. वाटेत तिने वर तोंड करून एकदा हवेचा वास घेतला आणि पाऊल लांब टाकलं.

तालुक्याला अर्ज दिला आहे, माझ्याच अक्षरात. साहेब येऊन बघून गेले, लाल फीत लावून गेले. रिसॉर्टच्या मालकाचा फोन आला, की सध्या ते काम थांबवलं आहे, पावसाळ्यानंतर बघू. वाडी अजून शाळेतच आहे. शाळा सुरू झाली की वर्ग सोडावे लागतील, मग कुठे, ते कुणाला माहीत नाही. माझ्या दुकानात सध्या शाळेच्या व्हरांड्याला लावायचे जाड पडदे शिवायला घेतले आहेत, पावसाची झड अडवायला, बिनरंगाचे.

उतार अजून उभा आहे. जनी रोज सकाळी जाते. मी जाऊ नको म्हणते, ती ऐकत नाही. माझ्या धन्याचा बाप त्या मातीत हाय, त्याला एकटा कसा ठेवू, म्हणते. चिरेत हात घालून बघते आणि मला फोन करते. पहिले काही दिवस ती म्हणायची, तेवढंच आहे ताई. काल म्हणाली, आता हात खांद्यापर्यंत जातो.